ओट्यावरचा ड्रिप कॉफीमेकर

ड्रिप कॉफीमेकरच्या खोक्यावर 'सहा कप' छापलेलं असतं, ते आपल्या घरातले कप नव्हेत. काचेच्या भांड्यावरच्या सहाच्या रेघेपर्यंत पाणी भरून मी ते मापाच्या भांड्यात ओतलं तर पाऊण लिटर भरलं. म्हणजे यंत्राचा एक कप १२५ मिलीलिटरचा. त्यातही कॉफीची पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, ते खाली येतच नाही. आमच्या घरातले मग दोनशे मिलीलिटरचे. तेव्हा सहा कपांच्या यंत्रात तीन माणसांची कॉफी होते, हा हिशोब विकत घेण्याआधी मांडलेला बरा.

मी यंत्र घेतलं ते ओट्यावरच्या गर्दीमुळे. गोरेगावातला आमचा फ्लॅट, दोन बर्नरची शेगडी. सकाळी एकीवर तवा, दुसरीवर भाजीची कढई, आणि साडेसातच्या आत तीन डबे भरायचे. त्या वेळात कॉफीसाठी पातेलं चढवायला जागाच नसते. स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर घरात होता, अजूनही आहे, पण त्याचं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, रात्री लावून ठेवावं लागतं आणि सकाळी दूध तापवायला पुन्हा बर्नर लागतोच. ड्रिप कॉफीमेकरला फक्त प्लग लागतो. आमचा ६०० वॅटचा आहे, मिक्सरच्या साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर आरामात चालतो. पाणी भरलं, पूड घातली, बटण दाबलं की पोळ्या लाटायला हात मोकळे.

आत काय चालतं हे कळल्यावर मला या यंत्राबद्दल खरं प्रेम वाटायला लागलं. त्यात पंप नसतो, मोटर नसते. टाकीतलं पाणी आपल्याच वजनाने खाली उतरतं, एका झडपेतून ॲल्युमिनियमच्या नळीत जातं. ती झडप पाण्याला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. नळीला चिकटूनच तापणारी कॉइल असते. पाणी उकळीला आलं की वाफेचे बुडबुडे होतात, मागची वाट बंद असल्यामुळे ते पाण्याचे घोट पुढे ढकलत वर चढवतात, आणि वरच्या झाऱ्यातून ते पाणी पुडीवर पडतं. तीच कॉइल वरच्या अंगाने भांड्याखालची तबकडी तापवते. एक कॉइल आणि एक झडप, एवढ्यावर सगळा संसार. घरगुती वापराचं असं विजेवरचं यंत्र जर्मनीत १९५४ साली आलं, गॉटलोब विडमन यांचं विगोमॅट. आज माझ्या ओट्यावर आहे त्यात त्याच पद्धतीने पाणी गाळलं जातं.

कागदी गाळणीची गोष्ट त्याहून जुनी. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीला कपात उतरणारा गाळ आवडत नव्हता. तिने पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला आणि कॉफी गाळली. १९०८ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला रोज खटकणारी गोष्ट तिनेच सोडवली, याचं मला फार अप्रूप आहे.

यंत्रासोबत नायलॉनच्या जाळीची कायमस्वरूपी गाळणी येते आणि कागद विकत घ्यायची गरज नाही असं सगळे सांगतात. मी कागदच वापरते. जाळीतून बारीक पूड खाली उतरते आणि कपाच्या तळाशी चिखल राहतो, हे एक कारण. दुसरं नवऱ्याच्या कोलेस्टेरॉलचं. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो, तो रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. न गाळता उकळलेल्या कॉफीत तो भरपूर उतरतो, धातूच्या जाळीतूनही बराच जातो, कागद मात्र तो जवळजवळ सगळा अडवतो. कागद घेताना नंबर बघावा लागतो, लहान यंत्रांना बहुधा २ किंवा ४ नंबरचा लागतो. शंकूच्या कागदाला दोन शिवणी असतात, एक तळाला, एक बाजूला. तळाची पुढे आणि बाजूची मागे अशा उलट दिशांना दुमडल्या की कागद गाळणीत नीट बसतो. एकाच बाजूला दुमडल्या तर तो मध्येच वाकतो आणि पाणी कडेने पुडीला न शिवता निघून जातं.

आता पुडीकडे येते, कारण चव ठरते ती इथे. यंत्राकडे फक्त गरम पाणी आहे, बाकी सगळं आपल्याला द्यायचं असतं.

कॉफी मी माटुंग्याहून आणते. माटुंगा रोडला उतरून झेड ब्रिज ओलांडला की पूर्वेच्या बाजाराचा वास यायला लागतो, त्यात जास्वंद, मोगरा आणि भाजलेली कॉफी. दुकानात दळणारे काका पहिल्या वेळी म्हणाले, "ताई, फिल्टरसाठी ना? बारीक करतो. चिकोरी किती टाकू?"

"चिकोरी नको. आणि जरा जाडसर करा, कागदातून गाळायची आहे."

"मशीनची का? मग आधी सांगायचं."

त्यांनी दळणाचा काटा फिरवला आणि चिमूटभर पूड माझ्या तळहातावर ठेवली. बोटांत चोळली तर जाड रव्यासारखी कणीदार लागली. तेच माप. स्टीलच्या फिल्टरची बारीक पूड कागदात घातली की पाणी अडतं, गाळणी वरपर्यंत भरते आणि पुडीसकट भांड्यात ओसंडते. चिकोरी ही भाजलेली मुळी, ती पाण्यात विरघळून दाटपणा आणते. डिकॉक्शनला तो दाटपणा हवा असतो, कागदाला तो सोसत नाही. बाजारातल्या तयार पाकिटांवर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती हे छापलेलं असतं. आपल्या नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे उरलेली ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. ड्रिपसाठी पाकीट उलटं करून ती ओळ वाचायचीच.

दाण्यांची नावं त्याच दुकानात कळली. प्लँटेशन म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका, कॉफीची सौम्य जात. चेरी म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेली. पीबेरी म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरलेली. काळ्या कॉफीला मला प्लँटेशन ए आवडते, स्वच्छ आणि थोडी आंबटसर. दुधाच्या कॉफीत मात्र ती हरवते, तिथे थोडी रोबस्टा, म्हणजे कॉफीची कडक जात, मिसळून घेतली की चव टिकते.

प्रमाण वजनावर धरायचं. चमच्याने दर वेळी वेगळं भरतं. लिटरला ५५ ते ६० ग्रॅम हे सर्वमान्य माप, म्हणजे पाऊण लिटरच्या भांड्याला ४५ ग्रॅमपर्यंत. ऐकायला जास्त वाटतं. पण पूड कमी घातली की कॉफी सौम्य होत नाही, कडू होते, कारण तेवढ्याशा पुडीतून सगळं पाणी जातं आणि नको ते सगळं उतरवून घेऊन येतं. सौम्य हवी असेल तर नीट गाळलेल्या कॉफीत वरून गरम पाणी घालावं.

पाणी पुडीवर पडताना ते ९० ते ९६ अंश असावं. स्वस्त यंत्रात पहिलं पाणी त्याहून थंड पडतं, कारण वरची नळी, गाळणी, भांडं सगळं गार असतं. म्हणून मी आधी पुडीशिवाय, नुसता कागद लावून थोडं पाणी फिरवून घेते. यंत्र तापतं, भांडं तापतं, कागदाचा पुठ्ठ्यासारखा वास निघून जातो. ते पाणी ओतून टाकायचं, पूड घालायची आणि मग खरी फेरी. ताज्या पुडीवर पहिलं पाणी पडलं की ती फुगते, भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेवढ्यात बटण अर्धा मिनिट बंद करायचं आणि पुन्हा लावायचं. पूड सगळीकडून भिजते आणि चव भरते. ज्यांची पूड जुनी असते त्यांना ही फूग दिसतच नाही, ताजेपणाची एवढी सोपी परीक्षा दुसरी नाही.

सासूबाईंना कॉफी म्हणजे जायफळाची. दूध, साखर, जायफळ, वेलची, त्यात कॉफी, अशी आपल्या घरांमधली जुनी रीत. ड्रिपची कॉफी दुधात घातली की फिकी पडते, हे पहिल्याच आठवड्यात दिसलं. म्हणून त्यांच्यासाठी पूड तेवढीच ठेवून पाणी साडेचारशे मिलीलिटरवर आणलं, लिटरला १०० ग्रॅम असं. हे डिकॉक्शनइतकं दाट नसतं, पण निम्म्यास निम्मं उकळतं दूध घातलं तरी कॉफी कॉफीच लागते. जायफळ मी पुडीतच किसून घातलं होतं, एकत्र गाळलं जाईल म्हणून. आईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "अगं, जायफळ पाण्यात कशाला? ते दुधात उकळायला हवं." त्यांचं अगदी बरोबर होतं. जायफळाचा सुगंध तेलात असतो, कागद ते तेल धरून ठेवतो, तर दुधाची स्निग्धता ते ओढून घेते. आता जायफळ-वेलची दुधात, कॉफी यंत्रात, आणि दोन्ही शेवटी कपात भेटतात. एक गोष्ट मात्र बजावून सांगते, टाकीत दूध कधीही घालू नये. ते नळीत करपतं आणि तिथून काढता येत नाही.

झालेली कॉफी तबकडीवर ठेवून द्यायची नाही, हा आमच्या घरातला नियम. अर्ध्या तासात ती कडवट आणि आंबूस होते. तिच्यातली क्लोरोजेनिक आम्लं तापून तापून फुटतात आणि क्विनिक आम्ल तयार होतं, ते जिभेला बोचतं. मी ताबडतोब स्टीलच्या थर्मासमध्ये ओतते आणि यंत्र बंद करते. मुलगा नऊला उठतो, त्याला तीच कॉफी चांगली मिळते.

यानंतर आला उन्हाळा. मुंबईचं पाणी सात तलावांचं, भातसा, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, विहार, तुळशी. पावसाचं साठवलेलं पाणी, म्हणून मऊ. आमच्याकडे पाण्याचा फिल्टर लावायला आलेल्या मुलाने मीटर बुडवला तेव्हा पालिकेच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दोन अंकी होता. असं पाणी कॉफीमेकरला फार मानवतं. पण तलाव तळाला गेले की पाणीकपात सुरू होते आणि सोसायटीत टँकर येतात. ते पाणी बहुधा विहिरीचं किंवा बोअरचं, त्याचा आकडा कितीतरी पट. बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते, तसाच थर यंत्राच्या नळीत धरतो, फक्त तो दिसत नाही.

दिसला नाही तरी ऐकू आला. नेहमीची गुडगुड लांबली, झाऱ्यातून पाणी थेंब थेंब पडायला लागलं, वाफ मात्र भसाभसा. टाकीचं झाकण उघडलं तर आत पाणी गरम! झडप नीट मिटत नव्हती, बुडबुडे पाण्याला वर न ढकलता मागे टाकीत ढकलत होते. लिंबूसत्त्वाने धुतल्यावर थोडा फरक पडला. पुढे एका सकाळी दिवा लागला पण यंत्र तापलंच नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर या मॉडेलचे भाग येत नाहीत, नवीन घ्या, असं उत्तर मिळालं. चालतं-फिरतं यंत्र एका झडपेपायी कचऱ्यात टाकायला मी तयार नव्हते.

गोरेगाव स्टेशनजवळ मिक्सर दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी यंत्र उलटं केलं, रबरी पायांखालचे स्क्रू काढले आणि तळाचं झाकण उचललं. मी काउंटरला टेकून बघत होते. इतके दिवस वाचलेलं सगळं समोर होतं. तबकडीच्या पाठीला यू आकाराची ॲल्युमिनियमची जोडनळी, एका पोकळीत कॉइल, दुसरीत पाणी. मध्ये स्प्रिंगच्या पट्टीने दाबलेला चकतीएवढा थर्मोस्टॅट. पांढऱ्या विणलेल्या बाहीत घातलेले दोन थर्मल फ्यूज. टाकीकडून येणारी सिलिकॉनची नळी काकांनी ओढून काढली, आडवी धरून हलवली आणि म्हणाले, "ऐका, गोळी वाजत नाही." झडपेत एक बारीक गोळी असते, ती मोकळी असली की खुळखुळते. क्षाराने ती जागच्या जागी थिजली होती. त्यांनी चिमट्याने झडप बाहेर काढून वाटीत लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात टाकली. बुडबुडे उठले, पांढरा थर सुटला, आणि थोड्या वेळाने वाटी हलवली तर गोळी वाजली.

मग मीटर लावला. एक फ्यूज गेलेला. झडप अडकल्यामुळे नळीत पाणी पोचत नव्हतं, रिकामी नळी तापत गेली आणि फ्यूजने स्वतः जळून यंत्र वाचवलं, असं काकांनी समजावलं. शेजारी उभा असलेला एक गिऱ्हाईक म्हणाला, तार जोडून डायरेक्ट करा की. काकांनी मान हलवली. "नाही करणार. तबकडी लाल होईल, प्लास्टिक पेटेल." लॅमिंग्टन रोडवर फ्यूज मिळेल म्हणाले, आणि जुन्याच्या अंगावर छापलेलं तापमान मला कागदावर लिहून दिलं. नवा फ्यूज बरोबर तेवढ्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा हवा. मी आणून दिला. जोडताना त्यांनी सोल्डरगन हातात घेतली नाही. सोल्डरच्या आचेनेच हा फ्यूज उडतो, म्हणून तांब्याच्या छोट्या नळकांड्यात दोन्ही टोकं घालून पकडीने दाबायची. बाही पुन्हा चढवली, थर्मोस्टॅटखाली पांढरी पेस्ट लावली, स्क्रू बसवले. दुकानातच पाणी भरून चालवून बघितलं. झाऱ्यातून धार लागली तेव्हा काकांइतकाच आनंद मला झाला, आणि त्यांची मजुरी नव्या यंत्राच्या किमतीच्या पासंगालाही पुरणारी नव्हती.

तेव्हापासून टँकरचे दिवस सुरू झाले की मी पिण्याच्या फिल्टरचं पाणी टाकीत घालते आणि महिन्यातून एकदा यंत्र धुते. पाऊण लिटर पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवायचं, निम्मं पाणी वर चढलं की बंद करून अर्धा तास तसंच ठेवायचं, मग उरलेलं चालवायचं, त्यानंतर दोनदा साधं पाणी. व्हिनेगरनेही होतं, पण वास जाता जात नाही. बाकी वर्षभर तलावाच्या पाण्याला एवढ्या धुण्याची गरज पडत नाही. एकदम क्षारविरहित पाणीही कॉफीला चांगलं नाही, चव उतरवायला थोडे कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतात. आमच्या इमारतीत पालिकेच्या मऊ पाण्यावर आरओ लावणारे आहेत, त्यांची कॉफी मला सपक लागते.

पावसाळ्याची काळजी वेगळी. चोथा गाळणीत राहिला तर दुसऱ्या दिवशी त्यावर बुरशी. कॉफी झाली की कागदासकट चोथा ओल्या कचऱ्यात, गाळणी धुऊन उपडी, टाकीचं झाकण उघडं. पूड पाव किलोच्या वर आणायची नाही. याच दमट वाऱ्यावर मलबारच्या किनाऱ्यावर कच्चे दाणे मुद्दाम मोकळ्या गोदामांत पसरून फुगवतात, त्याची मॉन्सून्ड मलबार होते, आंबटपणा उतरलेली, दुधाला सुरेख. पण ते कच्च्या दाण्याचं. दळलेल्या पुडीला तोच वारा लागला की दोन दिवसांत तिचा वास जातो.

माझी भाची आता असंच यंत्र घ्यायचं म्हणते आहे. तिला मी वॅट आणि कपांपेक्षा दोन गोष्टी विचारायला सांगितल्या आहेत. काचेचं भांडं सुटं मिळतं का? कारण घासताना फुटतं ते तेच, आणि भांडं नसलं की गाळणीखालची झडप उघडत नाही, यंत्र ठणठणीत असून उपयोग नाही. आणि तळाचे स्क्रू साध्या पेचकसाने उघडणारे आहेत का, की कंपनीने खास तिकोनी खाचेचे लावलेत? दुकानातल्या माणसाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर माहीत असतं. दुसऱ्यासाठी यंत्र उलटं करून स्वतः बघावं लागतं, तेवढं तिने करावं.